टोकन देण्याआधी भाग बघा: बडोद्याच्या नव्या वस्तीत राहायला जाणाऱ्यांसाठी

आमच्याकडे सामान हलवण्याचं काम देणाऱ्या घरांसाठी हे पत्रक आहे. शक्य असेल तर ट्रकची तारीख ठरण्याच्या खूप आधी वाचा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी इथलं घर सोडून भायली, सेवासी, बिल, कलाली, वेमाली, हरणी, समा-सावली रोड या बाजूंना जाणारी मंडळी फ्लॅट अगदी बारकाईनं बघतात. भाग मात्र रविवारी सकाळी गाडीच्या काचेतून बघून होतो. फ्लॅटमधली टाइल पुढे बदलता येते; कुंपणामागची कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला) आणि बोअरचं पाणी बदलता येत नाही. म्हणून किमान तीन चकरा मारा: एक जोराच्या पावसानंतर दोन-तीन तासांत, एक कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आणि एक नळाला पाणी यायच्या वेळी.

पाणी कुठवर चढतं

विश्वामित्रीची धोक्याची पातळी काळाघोड्याजवळच्या पुलावर 26 फूट धरतात. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली होती. आजवा जलाशय भरला की त्याचं पाणी विश्वामित्रीत उतरतं आणि शहरात पोचायला त्याला काही तास लागतात. त्यामुळे बडोद्यात पाऊस थांबून ऊन पडल्यावरही पाणी चढत राहतं. नदी तुडुंब असली की कांसांचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे फुगतं. म्हणून ‘नदी इथून दोन किलोमीटर लांब आहे’ या उत्तरावर थांबू नका. जवळची कांस कुठे आहे आणि ती बांधकामानं अरुंद झाली आहे का, ते स्वतः चालत जाऊन बघा.

पाणी आलेल्या इमारतीवर खुणा राहतात. पार्किंगमधल्या खांबांवर जमिनीपासून सगळीकडे एकाच उंचीवर मातकट रेघ असते. कधी खालचे तीन-चार फूट तेवढेच नव्यानं रंगवलेले दिसतात. विजेचे मीटर मुद्दाम छातीच्या वर नेलेले असतील, लिफ्टच्या खड्ड्यात ओल असेल, तर कारण विचारा. सोसायटीच्या माणसांपेक्षा कोपऱ्यावरचा किराणावाला आणि गॅरेजवाला खरं सांगतात, कारण त्यांचा माल भिजलेला असतो. सरळ विचारा, ‘2024मां पाणी क्यां सुधी आवेलुं?’ (2024 मध्ये पाणी कुठवर आलं होतं?) आणि हातानं उंची दाखवायला सांगा. तळमजला किंवा रो-हाउस घेत असाल तर हे दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारा. नदी-कांसेलगत पुराच्या पाण्याबरोबर मगरीही आवारात येतात. कुंपणाच्या भिंतीतली पाणी जायची भोकं जाळीनं बंद आहेत का, तेही बघून ठेवा.

नळ, टँकर आणि खाळकुवा

भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया आणि वडदला ही गावं 2020 मध्ये महापालिकेत आली. नकाशावर भाग शहरात आला म्हणजे दारात नळ आणि ड्रेनेज आलं असं होत नाही. दोन्ही जोडण्या झाल्या आहेत की ‘लवकरच होणार’ आहेत, हे पावती बघून ठरवा.

बोअरच्या पाण्यासाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा छोटा मीटर काही शे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी 500 मिलिग्रॅम प्रति लिटर ही भारतीय मानकाची मर्यादा. दुसरी सोय नसेल तेव्हाच 2000 पर्यंत चालवून घेतात. हजाराच्या पुढचं पाणी बहुतेक वेळा जडही असतं. अशा पाण्यानं गीझरची कॉइल खराब होते, नळांवर पांढरे थर बसतात आणि तूरडाळ शिजायला वेळ घेते. बाथरूममधल्या शॉवरची भोकं बघितलीत तर मीटर लावायच्या आधीच अंदाज येतो.

टँकरवर चालणाऱ्या सोसायटीचा हिशोब आधी मांडा. माणशी रोज 135 लिटर धरले तर चार माणसांच्या 48 घरांना रोज सुमारे 26,000 लिटर लागतात, म्हणजे दहा हजारांचे अडीच टँकर. हा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की उन्हाळ्यात वेगळा मागतात, ते मागच्या मे महिन्याच्या हिशोबात दिसेल.

ड्रेनेजची लाइन नसेल तर सोसायटीचा खाळकुवा (सांडपाणी जमिनीत जिरवायचा शोषखड्डा) असतो. इथली काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी शोषत नाही. त्यामुळे पावसाळ्यात खाळकुवा भराभर भरतो आणि तळमजल्याच्या बाथरूममधून उलटं पाणी येतं. उपसायला गाडी किती दिवसांनी बोलवावी लागते, एवढा एक प्रश्न पुरतो. हीच माती उन्हाळ्यात आक्रसते. तेव्हा रो-हाउसच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी गेलेली भेग दिसली तर पाया कसा घेतला आहे ते इंजिनिअरकडून तपासून घ्या. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरायचं कारण नाही.

वास आणि वाटा

उंडेरा, करोडिया, बाजवा, छाणी या बाजूला रिफायनरी आणि खताचा कारखाना जवळ आहेत. मांजलपूरच्या पुढे मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत). वारा पावसाळ्यात नैऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा असतो, म्हणून एकाच चकरेत वास कळत नाही. हिवाळ्यात धूर खालीच अडकतो. थंडीत पहाटे जाऊन बघा. घरात दमेकरी असेल तर हे टाळू नका.

रेल्वे शहराचे दोन भाग करते. मोठ्या पावसात अलकापुरीचं गरनाळं (रुळांखालचा रस्ता) भरलं की पश्चिमेकडून रावपुऱ्यात यायला अकोटा-दांडिया बाजार पुलाचा वळसा पडतो. गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी पूल झाल्यापासून वासणा बाजूचा वेळ वाचतो, पण पुलाच्या दोन्ही तोंडांशी संध्याकाळी गर्दी असतेच. आजी-आजोबा खंडेराव मार्केटला एकटे जाणारे असतील तर त्यांना घेऊनच एकदा शेअर रिक्षानं जाऊन या. नव्या वस्तीत ज्येष्ठांना सर्वांत जास्त अडतं ते इथेच.

कागद

शेजारच्या मोकळ्या जागेला ‘बाग होणार’ म्हणतात. टीपी स्कीमच्या (नगररचना योजनेच्या) नकाशात तिचा फायनल प्लॉट नंबर शोधा. तिथे रस्ता किंवा पाण्याची टाकी दाखवलेली असू शकते. बिल्डरकडून राजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि बीयू (इमारत वापरायची परवानगी) दोन्हींच्या प्रती मागा. बीयू नसताना ताबा घेतला तर कायमच्या जोडण्या रखडतात. रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात बानाखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. दस्तावेजाला (खरेदीखताला) गुजरातेत 4.9 टक्के स्टॅम्प ड्युटी आणि 1 टक्का नोंदणी फी लागते. खरेदीदार केवळ महिला असतील तर फी माफ असते.

ट्रक येण्याआधी आम्हाला कळवा

सोसायटीच्या कमानीची उंची, गेटची रुंदी, लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली टेपनं मोजा. डबल डोअर फ्रिज आणि सहा फुटी कपाट इथेच अडतं. लिफ्टमध्ये जात नसेल तर जिन्याच्या वळणाचंही माप लागतं. सामान चढवायच्या वेळा काही सोसायट्या ठरवून देतात, शिवाय डिपॉझिटही मागतात, ते लेखी घ्या. जुन्या वाड्यातलं सागवानी कपाट सांध्यांतल्या खुंट्या काढून सुटं होतं, पण त्यासाठी सुतार आदल्या दिवशीच लागतो. देवघर आणि लोणच्याच्या बरण्या ट्रकमध्ये न घालता तुमच्याच गाडीत न्या.