माल कोणाचा, कंपनी कोणाची: आफ्रिकेतील खंडांतर्गत व्यापाराची पार्श्वभूमी

आफ्रिकी देश एकमेकांशी कमी व्यापार का करतात, याचे उत्तर बहुधा वसाहतकाळात शोधले जाते. ते चुकीचेही नाही, कारण तेव्हाची रेल्वे खाणीपासून बंदरापर्यंत टाकली गेली, शेजारच्या देशापर्यंत नव्हे. मात्र आज सीमेवर अडणाऱ्या मालाची हकिगत बरीच अलीकडची आहे. जून 1991 मध्ये अबुजा येथे झालेल्या तहाने संपूर्ण खंडाचा आर्थिक समुदाय सहा टप्प्यांत आणि 34 वर्षांच्या मुदतीत उभारायचे ठरवले व त्याची भिस्त शेजारी देशांच्या प्रादेशिक व्यापारी गटांवर ठेवली. पुढे या गटांचीच गुंतागुंत झाली. टांझानिया पूर्व आफ्रिकी देशांच्या सीमाशुल्क संघात आहे, जिथे बाहेरच्या मालावर सर्व सदस्यांचे आयात शुल्क एकच असते, आणि दक्षिणेकडील देशांच्या मुक्त व्यापार क्षेत्रातही. काँगो लोकशाही प्रजासत्ताक आधीच अनेक गटांत असताना 2022 मध्ये पूर्वेकडील गटातही दाखल झाले.

कंपन्या या तहांसाठी थांबल्या नाहीत. 1994 मध्ये वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेतील किरकोळ विक्रीच्या साखळ्या, दूरसंचार कंपन्या आणि बँका उत्तरेकडे सरकल्या. नायजेरियाने बँकांच्या किमान भांडवलाची अट 2 अब्ज नायरांवरून 25 अब्ज नायरांवर नेली. 2005 च्या अखेरीस तिची मुदत संपली, तेव्हा विलीनीकरणातून मोठ्या झालेल्या बँका शेजारी देशांत शाखा शोधू लागल्या. मोरोक्कोच्या बँकांनी फ्रेंच भाषक पश्चिम आफ्रिका गाठली. यांतील कोणताही विस्तार खंडव्यापी कराराचे फळ नव्हता, हे करारांचे समर्थक सहसा सांगत नाहीत.

21 मार्च 2018 रोजी किगाली येथे 44 देशांनी खंडीय मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या. तो 30 मे 2019 रोजी अमलात आला आणि 1 जानेवारी 2021 पासून त्याखालील व्यापार औपचारिकरीत्या खुला झाला. शुल्कयादीतील 90 टक्के बाबींवरील आयात शुल्क बहुतेक देशांनी पाच वर्षांत आणि अत्यल्प विकसित देशांनी दहा वर्षांत शून्यावर आणायचे, हे त्यातले ठळक कलम. परंतु खरा तिढा शुल्काच्या दरात नसून ‘उगमाचे नियम’ या रूक्ष शब्दप्रयोगात आहे.

शुल्कमाफी केवळ आफ्रिकी मालाला मिळते. मग आफ्रिकी माल कोणता? शेतातले कोको किंवा खाणीतले तांबे यांबाबत प्रश्न उद्भवत नाही. शर्टाबाबत उद्भवतो. आशियातून आलेले कापड आफ्रिकेत बेतून शिवले, तर तो शर्ट आफ्रिकी मानायचा का? आफ्रिकी मालाला शुल्कमाफी देण्यासाठी अमेरिकेने 2000 साली केलेल्या कायद्याने, निदान कमी विकसित आफ्रिकी देशांपुरते, होकारार्थी उत्तर दिले आणि त्या सवलतीवर अनेक शिवण कारखाने उभे राहिले. दक्षिणेकडील गटाची अट मात्र अशी की सुतापासून कापड आणि कापडापासून कपडा, या दोन्ही प्रक्रिया गटातच झाल्या पाहिजेत. पूर्व व दक्षिण आफ्रिकेला व्यापणाऱ्या दुसऱ्या एका गटाने मूल्याची कसोटी ठेवली: बाहेरील कच्चा माल एका मर्यादेत असावा किंवा 35 टक्के मूल्यवर्धन स्थानिक असावे. याचा अर्थ एकच शर्ट एका नियमाखाली आफ्रिकी आणि दुसऱ्याखाली परका ठरू शकतो. ज्यांच्याकडे सूतगिरण्या आहेत त्यांना कडक नियम हवा, ज्यांच्याकडे केवळ शिलाई यंत्रे आहेत त्यांना सैल. त्यामुळे 2021 मध्ये व्यापार खुला झाला तेव्हा कपडे आणि मोटारी यांचे नियम ठरलेलेच नव्हते. कडक नियमाने गिरण्या उभ्या राहतील हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, परंतु गिरणीला लागणारी वीज आणि भांडवल नियमातून येत नाही.

परका माल शेजाऱ्यामार्फत आत येईल, या संशयाचे टोक ऑगस्ट 2019 मध्ये दिसले. जुलैमध्ये नायजरची राजधानी नियामे येथे खंडीय करारावर सही करणाऱ्या नायजेरियाने काही आठवड्यांतच आपल्या जमिनीवरील सीमा मालासाठी बंद केल्या. कारणांपैकी एक होते शेजारच्या बेनिन देशामार्गे चोरून येणारा आशियाई तांदूळ. या सीमा डिसेंबर 2020 मध्ये, म्हणजे खंडीय व्यापार खुला होण्याच्या अवघे काही दिवस आधी, उघडू लागल्या.

मालाचा हा प्रश्न पुढे भांडवलालाही लागू झाला. आफ्रिकेत येणारी बरीच गुंतवणूक करसवलतींमुळे मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपन्यांमार्फत येते. आकडेवारीत ती खंडांतर्गत दिसते, पण तिचा मालक दुसऱ्याच खंडात असू शकतो. फेब्रुवारी 2023 मध्ये स्वीकारलेल्या गुंतवणूकविषयक पूरक कराराने म्हणून नुसती नोंदणी पुरेशी मानली नाही. नोंदणीच्या देशात कंपनीचा भरीव व्यवसाय असावा, अशी अट घातली. किती व्यवसाय भरीव मानायचा, हे ठरवताना शर्टाचाच वाद पुन्हा उभा राहू शकतो.