मोटारगाडीच्या एंजिनाची शीतन यंत्रणा

अंतर्ज्वलन एंजिनातील जादा उष्णता काढून घेऊन त्याचे तापमान ठरावीक मर्यादेत राखणारी यंत्रणा. इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग निष्कास वायूंबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच सिलिंडरच्या भिंतींमधून शीतकाला (एंजिनात फिरणाऱ्या, उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाला) वाहून न्यावा लागतो. फोक्सवॅगन बीटल या मोटारीसारख्या हवेने थंड होणाऱ्या एंजिनांचा विचार येथे केलेला नाही.

कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या तीनचाकी गाडीत बाष्पीभवन शीतन होते. पाणी उकळून उडून जाई व प्रवासात पुनःपुन्हा भरावे लागे. रेडिएटरच्या (गरम पाण्यातील उष्णता हवेला देणाऱ्या उपकरणाच्या) जनकत्वाबाबत एकवाक्यता नाही. काही लेखक ते बेंझ यांच्याकडे देतात. सेंट पीटर्झबर्गच्या फ्रांझ सान गाली यांचेही नाव घेतले जाते. मात्र त्यांचा 1850 च्या दशकातील रेडिएटर घरे उबदार ठेवण्यासाठी होता, त्यामुळे मोटारीशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून केल्यासारखे वाटते. जर्मन अभियंते व्हिल्हेल्म मायबाख यांनी 1897 च्या सुमारास नळ्यांचा आणि 1900–01 मध्ये, 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात 6 मिमी. बाजूच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी जाई. मागे पंखा होता. पाण्याची गरज जवळपास निम्म्यावर आली. आजच्या अर्थाने ज्याला रेडिएटर म्हणतात त्याचे श्रेय मायबाख यांना देणेच अधिक सयुक्तिक ठरते. पुढे रचना उलटी झाली : पाणी चपट्या नळ्यांतून आणि हवा बाहेरच्या पातळ पत्र्यांमधून. पंप मात्र लगेच सार्वत्रिक झाला नाही. 1908 च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. नंतर तो काढून, गरम पाणी हलके होऊन वर चढते या तत्त्वावरच भागवण्यात आले.

आधुनिक यंत्रणेत एंजिनावर चालणारा पंप शीतक फिरवतो. एंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्या पितळी कुपीत मेण असते. साधारण 82 ते 90 अंश से.ला ते वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते.

शीतक तापला की त्याचे आकारमान काही टक्क्यांनी वाढते. या वाढीसाठी टाकी असते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात दाब रेडिएटरच्या झाकणावर सांभाळला जातो : जादा शीतक स्प्रिंगची झडप उचलून बिनदाबाच्या टाकीत जातो आणि एंजिन निवताना निर्वाताने उघडणाऱ्या छोट्या झडपेतून परत ओढला जातो. दुसऱ्यात टाकी स्वतःच दाबाखाली असते व शीतकातील हवेचे बुडबुडे तिच्यात वेगळे होतात. ‘कमाल’ खुणेच्या वर रिकामी जागा ठेवतात ती शीतकाच्या वाढीसाठीच. वातावरणापेक्षा 1 बार जास्त दाबाला पाणी सुमारे 120 अंश से.ला उकळते. म्हणून गरम एंजिनाचे झाकण उघडणे धोक्याचे असते. दाब सुटताच शीतकाचा काही भाग एकदम वाफ होतो आणि उकळता फवारा अंगावर येतो.

शीतक म्हणून वापरले जाणारे पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण सुमारे −37 अंश से.ला गोठते. निव्वळ ग्लायकॉल मात्र −13 अंशांच्या आसपासच गोठते आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहते. त्यामुळे ‘जास्त घातले तर चांगले’ हे खरे नाही. ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असल्याने मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे लागते. महाराष्ट्रात गोठण्याची भीती नाही. येथे ग्लायकॉलमिश्रित शीतकाचा उपयोग उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी.

प्रीमियर पद्मिनीच्या काळात बोरघाटाच्या चढावर बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या नेहमी दिसत. चढावर एंजिनावर भार जास्त, वेग कमी आणि म्हणून रेडिएटरमधून जाणारी हवाही कमी. अशा तापलेल्या एंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.