जुन्या हायब्रिड गाडीची वॉरंटी वाढवायची तर: कोण पात्र, कागद कोणते आणि क्लेम नेमका कुठे अडतो

हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, सात-आठ वर्षांची झाली की प्रत्येकाच्या मनात एकच धाकधूक असते, मोठी बॅटरी गेली तर काय करायचं. वॉरंटी वाढवून मिळते, जुन्या गाडीलाही मिळते, पण त्यासाठी दोन गोष्टी हातात लागतात, आधीची वॉरंटी संपायच्या आत केलेला अर्ज आणि सगळ्या सर्व्हिसची बिलं. मी स्वतः हे दोनदा केलंय. पहिल्यांदा अर्ज परत आला कारण मधल्या एका वर्षीचं बिल नव्हतं. सर्व्हिस झाली होती, ऑइल बदललं होतं, फिल्टर बदललं होतं, फक्त मी पावती घेतली नव्हती आणि तपासणाऱ्याच्या दृष्टीने पावती नाही म्हणजे सर्व्हिस नाही. तेव्हा खूप वाईट वाटलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तुमच्याकडे आत्ता काय शिल्लक आहे ते बघा. गाडीला एक सर्वसाधारण वॉरंटी असते जी लवकर संपते, आणि हायब्रिडच्या पार्टना वेगळी, जास्त मुदतीची असते. लोक पहिली संपली की सगळं संपलं असं धरून चालतात. उदाहरण सांगतो, टोयोटाने अमेरिकेत २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला १० वर्षं किंवा दीड लाख मैल, म्हणजे साधारण २ लाख ४० हजार किलोमीटर दिलेत, त्याआधीच्या मॉडेलना ८ वर्षं किंवा १ लाख मैल होते. वर्षं आणि अंतर यातलं जे आधी भरेल तिथे वॉरंटी थांबते. आणि मोजणी तुम्ही गाडी घेतल्यापासून नाही तर ती पहिल्या मालकाला दिली त्या दिवसापासून होते, सेकंडहँड घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. त्यामुळे पहिल्या विक्रीची तारीख लेखी मिळवा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर दिला की ते बघून सांगतात.

आता वाढवायचे रस्ते. एक म्हणजे कंपनीचीच एक्स्टेंडेड वॉरंटी, हिला बहुतेक ठिकाणी अट असते की जुनी वॉरंटी चालू असतानाच घ्यायची. दुसरा, बाहेरच्या कंपनीचा सर्व्हिस काँट्रॅक्ट, हा जुन्या गाडीलाही मिळतो पण वयाची आणि किलोमीटरची मर्यादा असते आणि अटी बारीक अक्षरात असतात. तिसरा रस्ता मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, हेल्थ चेकवर चालणारं कव्हर. ब्रिटनमध्ये टोयोटा हे करते, दरवर्षी हायब्रिड सिस्टिमची तपासणी करून घ्या, पास झाली की बॅटरीचं कव्हर आणखी एक वर्ष पुढे, असं गाडी १५ वर्षांची होईपर्यंत. तुमच्याकडे तुमच्या कंपनीचं असं काही आहे का हे सर्व्हिस सेंटरला स्पष्ट शब्दांत विचारा, ते आपणहून सांगतीलच असं नाही.

पात्रतेत साधारण हे बघतात: गाडीचं वय, रीडिंग, वापर खासगी आहे की भाड्याचा, मोठा अपघात किंवा पाण्यात बुडाल्याची नोंद, ओडोमीटरशी छेडछाड, आणि सर्व्हिस वेळेवर झाली का. शिवाय बॅटरी आधी कोणी उघडून रिपेअर केली असेल, म्हणजे आतलं एखादं मॉड्यूल (मोठी बॅटरी अशा अनेक छोट्या तुकड्यांची बनते) बदलून परत बसवली असेल, तर बऱ्याच योजना बॅटरी कव्हरमधून काढूनच टाकतात. असं काम झालं असेल तर लपवू नका, अर्जातच लिहा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी बाहेर येते आणि मग पूर्ण काँट्रॅक्टच रद्द होतो.

कागद असे जमवा: गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मालकाचं ओळखपत्र, खरेदीचं बिल, मूळ वॉरंटीचं पुस्तक, चालू विमा, सगळ्या सर्व्हिसची बिलं तारखेच्या क्रमाने, आणि अर्जाच्या दिवशीचा रीडिंग दिसणारा डॅशबोर्डचा फोटो. सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाकडून ट्रान्सफरचा कागद, कारण काही वॉरंटी गाडीबरोबर आपोआप येतात आणि काहींना ठरलेल्या दिवसांत अर्ज करून नाव बदलून घ्यावं लागतं. बिलावर तीन गोष्टी असायलाच हव्यात: तारीख, रीडिंग आणि गाडीचा नंबर किंवा चॅसी नंबर. यातली एक जरी नसली तर दुकानदाराकडून तिथल्या तिथे लिहून आणि सही-शिक्का मारून घ्या. बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं म्हणून मूळ वॉरंटी जातेच असं नाही, अमेरिकेत तर १९७५ च्या कायद्याने कंपनीला तेवढ्या कारणावरून ती नाकारता येत नाही, पण नियम देशागणिक वेगळा आहे आणि एक्स्टेंडेडच्या अटी आणखी वेगळ्या, त्यामुळे कुठल्या वर्कशॉपची सर्व्हिस चालेल ते सही करायच्या आधी लेखी घ्या.

अर्ज दिला की बहुतेक वेळा तपासणी होते. तपासणीला जायच्या आधी हायब्रिडच्या कूलिंग फॅनचं फिल्टर एकदा काढून बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते, बॅटरी तिथून केबिनची हवा ओढते. मी माझी जाळी पहिल्यांदा काढली तेव्हा तिच्यावर राखाडी रंगाचा थर होता, हाताने ओढला तर सलग निघाला, अगदी लोकरीच्या कापडासारखा. सीटवरची धूळ, केस, सगळं तिथे जाऊन बसलं होतं आणि बॅटरी किती दिवस गरम हवेवर चालली होती देव जाणे. घरात कुत्रा-मांजर असेल तर हे दर काही महिन्यांनी बघाच, आणि त्या जाळीपुढे सामान ठेवू नका.

तपासणीत ते स्कॅनर लावतात, तेव्हा बाजूला उभं राहून स्क्रीन बघा, कोणी नाही म्हणत नाही. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत २८ निकेल मेटल हायड्राइड मॉड्यूल असतात, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, एकत्र २०१.६ व्होल्ट, आणि गाडी त्यांचे दोन-दोनचे १४ ब्लॉक करून वाचते. चांगल्या बॅटरीत १४ आकडे जवळजवळ सारखे वरखाली होतात. अ‍ॅक्सिलरेटर दिला की एकच ब्लॉक बाकीच्यांपेक्षा जास्त खाली पडत असेल तर त्या ब्लॉकमधलं मॉड्यूल थकलेलं आहे, आणि पुढे कधीतरी पी०ए८० (P0A80) हा बिघाडाचा कोड येतो, म्हणजे बॅटरी पॅक बदला. या रिपोर्टची प्रत मागून घ्या. काँट्रॅक्ट घेतला त्या दिवशी बॅटरी ठीक होती याचा तो पुरावा आहे, कारण क्लेम नाकारायचं सगळ्यात सोपं कारण म्हणजे हा बिघाड आधीपासूनच होता.

काँट्रॅक्ट वाचताना पार्टची यादी शोधा. नुसतं पॉवरट्रेन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स वगैरे, लिहिलं असेल तर हायब्रिडचे पार्ट त्यात असतीलच असं नाही. बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा पार्ट), मोटर-जनरेटर, बॅटरीचा कंट्रोल युनिट, इन्व्हर्टरचा कूलंट पंप आणि ब्रेक अ‍ॅक्च्युएटर (ब्रेकचा दाब सांभाळणारा पार्ट) ही नावं स्वतंत्र दिसली पाहिजेत, त्यातला अ‍ॅक्च्युएटर हमखास यादीतून वगळलेला असतो आणि तो महागडा पार्ट आहे. क्षमता हळूहळू कमी होणं म्हणजे बिघाड धरतात की झीज, नवीन पार्ट देणार की रिपेअर केलेला, मजुरी धरून आहे का, एका क्लेमची कमाल मर्यादा किती, पहिले किती दिवस क्लेम करता येत नाही, आणि गाडी विकली तर काँट्रॅक्टचं काय, हे सगळं विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका, मेलवर घ्या.

पैसे भरायच्या आधी चॅसी नंबरवर रिकॉल बाकी आहे का तेही बघा. २०१४ मध्ये टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या होत्या. रिकॉलचं काम कंपनी स्वतःच्या खर्चाने करते, मालक बदलला असेल तरी.

देखभालीत जी कामं लोक विसरतात तीच नंतर क्लेममध्ये काढतात. इन्व्हर्टरला इंजिनपासून वेगळं कूलंट असतं, दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ते पहिल्यांदा १ लाख मैलांना, म्हणजे १ लाख ६० हजार किलोमीटरला, आणि त्यानंतर त्याच्या निम्म्या अंतराला बदलायचं असतं, बाकी मॉडेलना अंतर वेगळं असू शकतं, गाडीच्या पुस्तकात बघा. बिलावर इन्व्हर्टर कूलंट असं वेगळं लिहून घ्या, नुसतं कूलंट नको. ब्रेक पॅड हायब्रिडमध्ये खूप टिकतात म्हणून ब्रेककडे कोणी बघत नाही, मग कॅलिपरच्या पिना जाम होतात आणि फ्लुइड वर्षानुवर्षं तेच राहतं. छोटी १२ व्होल्टची बॅटरीही विसरू नका, ती कमजोर झाली की भलतेसलते वॉर्निंग येतात आणि माणूस मोठ्या बॅटरीच्या भीतीने घाबरतो. गाडी उभीच राहत असेल तर दोनेक आठवड्यांनी रेडी मोडवर (डॅशबोर्डवर READY दिसतं तेव्हा) अर्धा तास चालू ठेवा. न्यूट्रलमध्ये ठेवून उपयोग नाही, प्रियससारख्या गाडीत न्यूट्रलला मोठी बॅटरी चार्जच होत नाही. आणि नारिंगी केबलना हात लावायचा नाही, त्यांत मोठ्या बॅटरीचा जास्त व्होल्टचा करंट असतो, ते काम शिकलेल्या माणसाचं आहे.

क्लेमची वेळ आलीच तर गाडी रेटत चालवू नका. डॅशबोर्डवरच्या वॉर्निंगचा आणि रीडिंगचा फोटो काढा, टो करून न्या, आणि कोड कोणालाही पुसू देऊ नका, पुसला की पुरावा गेला. वर्कशॉपने तपासणीचा अंदाज कंपनीला पाठवायचा, तिकडून मंजुरीचा नंबर आला की मगच पार्ट उघडायचा. मंजुरीच्या आधी काम सुरू झालं तर चांगला क्लेमही हातचा जातो. नाकारला तर कारण लेखी मागा, कुठल्या कलमाखाली ते लिहून घ्या, आणि रिपोर्ट-बिलं जोडून पुन्हा अर्ज करा. वॉरंटी वाढवायचा माझा दुसरा अर्जही असाच मंजूर झाला. बिल नसलेली सर्व्हिस जिथे झाली होती त्या दुकानात जाऊन जुन्या वहीतून त्या दिवसाची नोंद शोधली, ऑइलचं नाव आणि रीडिंग दोन्ही लिहिलेलं होतं, त्यांनी सहीची डुप्लिकेट पावती दिली.

कव्हरचा कागद हातात आला की चॅसी नंबर एकेक अक्षर मिळवून बघा आणि रीडिंगही बघा. माझ्या कागदावर रीडिंगमधला एक आकडा चुकला होता, त्याच दिवशी दुरुस्त करून घेतला. पुढच्या सर्व्हिसची तारीख तिथेच वर पेनने लिहून ठेवलीय.