गणवेशाचं माप कोणी घ्यायचं?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नाशिकच्या मेनरोडवर गणवेशाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आई मुलाला पाठमोरं उभं करते, शर्ट खांद्यांना लावून बघते आणि म्हणते, ‘एक नंबर मोठाच द्या, पुढच्या वर्षीही चालला पाहिजे.’ तिच्या हातात एवढंच असतं. रंग, चौकडी, टाय, मोज्यांवरच्या पट्ट्या, सगळं आधीच ठरलेलं. ते ठरवायचं कोणी, हा वाद मात्र जुना आहे.

लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या १५५२ साली स्थापन झालेल्या शाळेत गरीब मुलांना लांब निळे कोट मिळत. म्हणजे गणवेश आधी धर्मादायाचा कपडा होता. प्रतिष्ठा त्याला नंतर चिकटली. ब्लेझर-टायचं ते इंग्रजी वळण आपल्याकडेही आलं. देवळालीत १९२५ पासून असलेलं बार्न्स स्कूल त्याच परंपरेतलं. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशकात भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं, तिथे गणवेश थेट कवायतीतून आला.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लुगडं कसं नेसलंय, दागिने कशाचे आहेत, यावरून जात ओळखली जाई. ती ओळख पुसा, असं डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितलं होतं. ‘वर्गात सगळ्यांचे कपडे सारखे हवेत’ या म्हणण्याला महाराष्ट्रात जे वजन आहे, ते मला वाटतं इथून येतं.

जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या. त्यांच्या शाळांतला पांढरा शर्ट आणि खाकी अर्धी चड्डी, मुलींचा निळा स्कर्ट, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी अनेकांना आठवतील. निफाडच्या थंडीत अर्धी चड्डी घालायला लावणाऱ्याने ती स्वतः घातली नसावी, हे उघड आहे.

पुढे केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये आणि वर्षाला दोन गणवेश, असा हिशेब बसला. खरेदी शाळेतल्या पालक-शिक्षकांच्या शाळा व्यवस्थापन समितीची. पण लाभ सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांनाच. त्यामुळे एकाच बाकावर एकाला गणवेश मिळे, शेजारच्याला नाही. उरलेल्या मुलग्यांचा खर्च राज्याने २०२३ पासून उचलला आणि त्याच वर्षी शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी ‘एक राज्य, एक गणवेश’ जाहीर केला.

२०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर गेली. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांनी शिवायचा, दुसऱ्याचं नुसतं कापड द्यायचं आणि शिलाईसाठी समितीला ११० रुपये. या पैशांत शिंपी मिळेना. पावसाळा सरला तरी कित्येक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. आले ते कुठे घट्ट, कुठे ढगळ. मुलाला समोर उभं करून घेतलेलं माप आणि तक्त्यावरचं माप यांत फरक पडणारच. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली. त्याच महिन्यात शालेय शिक्षण खातं मालेगावच्या दादा भुसे यांच्याकडे आलं.

मालेगावात वेगळाही वाद पोहोचला होता. कर्नाटकातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या हिजाबबंदीविरोधात फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या महिला मोठ्या संख्येने एकत्र आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी परस्परविरोधी निकाल दिले. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या अशाच बंदीला ऑगस्ट २०२४ मध्ये अंशतः स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का?

मार्च २०२४ मध्ये मापाची टेप गुरुजींकडेही वळली होती. राज्य सरकारने शिक्षकांना जीन्स आणि टी-शर्ट घालून शाळेत यायला मनाई केली.