सोसायटी म्हणायचे कशाला? नागपुरातल्या मेंटेनन्सच्या वादाची पार्श्वभूमी

नागपुरात कुणी 'आमच्या सोसायटीची मीटिंग आहे' म्हटले, की 'कोणती सोसायटी?' असे विचारावे लागते. बेसा, मानेवाडा भागातल्या जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे शेतजमीन घेऊन लेआउट पाडणारी, सभासदांना प्लॉट विकणारी गृहनिर्माण संस्था येते. तिचा कार्यालयीन पत्ता कधीचाच बंद झालेला असतो. धरमपेठेतल्या किंवा मनीषनगरातल्या फ्लॅटधारकाला सोसायटी म्हणजे जिन्याचे दिवे, लिफ्ट आणि चौकीदाराचा पगार. तिसऱ्याची सोसायटी असते 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली काढलेली वेल्फेअर असोसिएशन. पावतीपुस्तकावर तिघांचेही नाव जवळपास एकसारखेच असते. देखभालीचा खर्च, म्हणजे मेंटेनन्स, सगळ्यांनी सारखा द्यायचा की ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे, हा वाद या गोंधळातूनच येतो.

यांपैकी फ्लॅटच्या बिल्डिंगा इथे बऱ्याचदा सोसायटी नसतातच. त्या 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या कॉन्डोमिनियम असतात, म्हणजे फ्लॅट ज्याचा त्याचा आणि जमीन, जिना, लिफ्ट सगळ्यांचे हिश्श्याने. मुंबईने सहकारी संस्थेची वाट धरली, नागपूर मोठ्या प्रमाणात डीड ऑफ डिक्लरेशनच्या, म्हणजे इमारत या अपार्टमेंट कायद्याखाली आणणाऱ्या नोंदणीकृत दस्ताच्या वाटेने गेले. त्यामागे फार मोठा विचार होता असे मला वाटत नाही. एका प्लॉटवर सहा-आठ गाळ्यांची, म्हणजे फ्लॅटची, स्कीम उभी राहायची आणि सहकारी संस्था नोंदवायला दहा जण लागायचे. डिक्लरेशनला ती अडचण नव्हती. जमीन नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजची असली तरी तिच्यातला अविभाज्य, म्हणजे वेगळा तोडून न देता येणारा, हिस्सा प्रत्येकाच्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये (फ्लॅटच्या मालकीच्या दस्तात) लिहून मिळे, बँकेचे कर्जही त्यावर होई.

सगळी गुंतागुंत डिक्लरेशनच्या शेवटच्या पानांवरच्या टक्केवारीच्या तक्त्यात आहे. नव्वदच्या दशकात हा तक्ता बिल्डरचा वकील भरायचा आणि घेणारा सही करायचा. वाचणारे थोडेच. कायद्याने मात्र या टक्क्यांना मोठे वजन दिले आहे. सामाईक जागेतला हिस्सा त्यावर ठरतो, सामाईक खर्चाची आणि उत्पन्नाची वाटणीही त्यावरच. सर्व मालकांच्या संमतीने दुरुस्त डिक्लरेशन नोंदवल्याशिवाय हे टक्के बदलत नाहीत. बहुमत म्हणजेसुद्धा नुसती हजर डोकी नव्हेत, तर डिक्लरेशनने मतांसाठी ठरवून दिलेल्या टक्क्यांपैकी 51 किंवा अधिक. तळमजल्यावरच्या दोन दुकानांचा मालक एकटाच वरच्या चार फ्लॅटना भारी पडू शकतो, ही गोष्ट बहुतेकांना पहिल्या भांडणातच कळते.

सहकारी संस्थेत याच्या उलट. सभासद एक, मत एक. मेंटेनन्सबाबत 29 एप्रिल 2000 चा शासनादेश आहे. त्यानुसार सेवा शुल्क प्रत्येक गाळ्याला सारखे, पाणी नळांच्या प्रमाणात, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्केवारीने. पुढच्याच वर्षी भाडेकरू ठेवणाऱ्यांवरच्या बिनवहिवाट शुल्काला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आली. हे आदेश निघाले सहकार कायद्याखाली, सहकारी संस्थांसाठी. नागपुरातल्या अपार्टमेंटांनी ते तसेच उचलले, कारण बोर्डावर 'सोसायटी' लिहिले होते आणि कुणाच्या तरी मुंबईच्या मेहुण्याने सांगितले होते, की असेच असते.

मग वार्षिक सभेत हात वर करून ठराव व्हायचा: सगळ्यांना सारखेच. वन बीएचकेवाला आणि गच्चीसकट चार खोल्यांचा मालक, दोघांची पावती एकाच रकमेची. मोठ्या फ्लॅटवाल्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे राहतात, छोट्यात सहा जण. लिफ्ट कोण जास्त वापरते? चौकीदार काय चौरस फूट मोजून राखण करतो? पण कायद्यात वापराचा प्रश्नच नाही, हिस्सा विचारला आहे. गच्ची विकताना ज्याला जादा हिस्सा चालला, त्याला खर्चाच्या वेळी अचानक समता आठवते, हे मी एकापेक्षा जास्त सभांत पाहिले आहे.

2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या एका कॉन्डोमिनियमच्या प्रकरणात हाच मुद्दा निकाली काढला. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत देखभाल खर्च अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात, सरसकट सारखा नाही. ते प्रकरण उपनिबंधकापासून सहकार न्यायालयामार्गे वर गेले होते. एरवी अपार्टमेंटचा वाद म्हटला, की पहिली अनेक वर्षे कोणत्या दारात जायचे यावरच जात. सहकार खाते म्हणे तुम्ही सोसायटी नाही, दिवाणी वकील म्हणे आधी डिक्लरेशन आणा, आणि डिक्लरेशनची प्रत बिल्डरकडेच राहिलेली.

मधल्या काळात सहकारी संस्थांचे नियम सारखे बदलत राहिले. सहकारविषयक घटनादुरुस्तीनंतर निवडणूक प्राधिकरण आले, 2019 मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण जोडले गेले आणि 250 पर्यंत सभासदांच्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घ्यायची मुभा मिळाली. अपार्टमेंटांना यातले काही लागू नव्हते, तरी कित्येक कमिट्या त्या निवडणुकांच्या तारखांची धास्ती घेऊन बसल्या होत्या. रेरामुळे नव्या स्कीमचे बिल्डर संस्थेचा प्रकार करारातच लिहितात, तेवढी सोय झाली.

जुन्या इमारतींत मात्र आता हिशेब उलटे फिरवायला सुरुवात झाली आहे. छोटे गाळेधारक गेल्या दहा वर्षांचा फरक मागतात, मोठे म्हणतात ठरावावर तुमचीही सही होती. अशा वेळी सेक्रेटरीने सगळ्यांत आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून डिक्लरेशनची प्रमाणित प्रत काढावी आणि शेवटची पाने उघडावीत. एका ठिकाणी ती काढली तेव्हा टक्क्यांची बेरीज 97 निघाली. उरलेले तीन कुणाचे, यावर सध्या तिथे मीटिंग सुरू आहे.