गरी बेटावरचं लेक अ‍ॅलम पाहायला जायचंय? व्हिसा, लायसन्स, गाडीचं परमिट आणि कागदपत्रं

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातलं गरी हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. जून 2023 पर्यंत सरकारदरबारी त्याचं नाव फ्रेझर आयलंड होतं, आता बुचुला या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं गरी हे नाव परत दिलं आहे. नुसत्या वाळूवर उभं राहिलेलं घनदाट वर्षावन आणि त्यातली गोड्या पाण्याची तळी यांमुळे 1992 मध्ये बेटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बहुतेक पर्यटक पांढऱ्या वाळूच्या लेक मॅकेन्झीला जातात. लेक अ‍ॅलम त्याच्या बरंच उत्तरेला, उंच हूप पाइनच्या झाडीत दडलेलं आहे. पाणी चहासारखं तपकिरी, काठाला पिकनिकची जागा, आणि थोडं थांबलं की पाण्यातून डोकी वर काढणारी लहान कासवं. ब्रिस्बेनमध्ये मुलामुलींकडे आलेल्या आईवडिलांना सोबत घेऊन जावं अशी ही जागा आहे. तयारी मात्र आधीपासून करायला हवी.

व्हिसा लागला की झालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर इथे तीन परवानग्या लागतात आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात: देशात येण्याची, गाडी चालवण्याची आणि ती गाडी बेटावर नेण्याची. तिसरीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर फिरायला येणाऱ्यांना व्हिजिटर व्हिसा, सबक्लास 600, लागतो. ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या इमीअकाउंटवर खातं उघडून ऑनलाइन अर्ज करायचा. पासपोर्ट, फोटो, गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर कंपनीचं पत्र आणि रजेची मंजुरी, धंदा असेल तर नोंदणीची कागदं, निवृत्त असाल तर पेन्शनचा पुरावा जोडा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र, त्यांच्या पासपोर्टची किंवा व्हिसाची प्रत आणि नातं सिद्ध करणारा जन्माचा किंवा लग्नाचा दाखला द्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सहसा वैद्यकीय तपासणी सांगितली जाते.

आपल्याकडच्या लोकांचं घोडं हमखास अडतं ते भाषेपाशी. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, जुना विवाह दाखला, सातबारा हे सगळं मराठीत असतं, आणि इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर भारतात करून घेतलं तर चालतं. मात्र त्यावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि भाषांतरातली पात्रता व अनुभव लिहिलेला हवा. घरातल्या कुणी चांगल्या इंग्रजीत करून दिलं म्हणून भागत नाही. मूळ कागद आणि भाषांतर दोन्ही स्कॅन करून एकत्र चढवा.

व्हिसा इलेक्ट्रॉनिक असतो, पासपोर्टवर शिक्का येत नाही. मंजुरीचं पत्र छापून जवळ ठेवा आणि त्यावरच्या अटी वाचा. 8101 म्हणजे काम करायला मनाई. 8503 असेल तर तिथे राहून पुढच्या बहुतेक व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही.

लायसन्स आणि गाडी

पाहुणा म्हणून आलेल्याला आपल्या देशाच्या चालू लायसन्सवर क्वीन्सलँडमध्ये गाडी चालवता येते. महाराष्ट्राच्या कार्डावर इंग्रजी मजकूर असल्याने भाषांतराचा प्रश्न येत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवा, कारण भाड्याने गाडी देणारे तो मागू शकतात. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर नमुना 4ए भरून, लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडून आरटीओतून तो मिळतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. निघायच्या घाईत हे काम ठेवू नका.

गाडी उंच तळाची फोर-व्हील-ड्राइव्हच हवी. शहरी एसयूव्ही वाळूत रुतून बसते. भाड्याची गाडी घेताना ‘ही बेटावर नेता येईल का?’ हे लेखी विचारा, कारण बऱ्याच कंपन्यांच्या करारात बेटावर जायला मनाई असते आणि खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. वाळूत चालवायची सवय नसेल तर स्थानिक सहलीतून जाणं उत्तम. त्यात गाडीच्या परमिटचं सहल कंपनी बघते. पैसे भरण्याआधी त्यांच्या मार्गात लेक अ‍ॅलम आहे ना, एवढं मात्र विचारून घ्या.

बेटावरचं वाहन परमिट

क्वीन्सलँड पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस, म्हणजे तिथलं उद्यान खातं, याचं वाहन प्रवेश परमिट बेटावर गाडी उतरण्याआधी हातात असायला हवं. बार्जचं, म्हणजे गाड्या बेटावर नेणाऱ्या बोटीचं, तिकीट वेगळं आणि हे परमिट वेगळं. बार्जवाल्याने गाडी चढवून घेतली म्हणजे बेटावर चालवायची परवानगी मिळाली असं होत नाही. परमिट दोन प्रकारचं असतं, एक महिन्यापर्यंतचं आणि त्याहून जास्त, वर्षभरापर्यंतचं. फिरायला आलेल्यांना पहिलं पुरतं. दर बदलतात, म्हणून भरतानाच अधिकृत संकेतस्थळावर बघा.

अर्जात नाव, संपर्क, सुरू होण्याची तारीख आणि गाडीचा नोंदणी क्रमांक लागतो. परमिट गाडीच्या नावे असतं. त्यामुळे भाड्याची गाडी असेल तर क्रमांक मिळाल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही. कंपनीकडून तो आधीच मागून घ्या, किंवा परमिट तेच काढून देतात का ते विचारा. पैसे कार्डाने भरायचे, परमिट ईमेलवर येतं. बेटावर मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक छापील प्रतही घ्या.

मुख्य भूमीवरच्या रेनबो बीच गावापर्यंत डांबरी रस्त्याने येऊन इन्स्किप पॉइंटवरून बार्ज धरणार असाल तर एवढं परमिट पुरेसं आहे. त्याऐवजी मुख्य भूमीवरच्याच टीवा किनाऱ्याच्या वाळूवरून गाडी चालवत येणार असाल तर कूलूला क्षेत्राचंही परमिट लागतं आणि दोन्ही एकत्र काढायची सोय आहे. हर्वी बेच्या बाजूने आलात तर बार्ज रिव्हर हेड्सवरून सुटते.

रात्री तंबूत राहायचं असेल तर कॅम्पिंग परमिट निराळं, तेही आधी आरक्षण करून. बेटावर डिंगो, म्हणजे रानटी कुत्रे, फिरतात, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर कुंपण असलेलं डंडुबारासारखं मैदान निवडा. ईस्टर आणि शाळांच्या सुट्ट्यांत जागा लवकर भरतात. कुत्रा किंवा दुसरा पाळीव प्राणी बेटावर आणता येत नाही.

पोहोचल्यावर

पूर्व किनारा हाच तिथला हमरस्ता. सीटबेल्ट, दारू पिऊन गाडी चालवायला मनाई, वेगमर्यादा सगळं लागू: या किनाऱ्यावर जास्तीत जास्त ताशी 80 किलोमीटर, आतल्या वाळूच्या वाटांवर 30. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास किनाऱ्यावर गाडी घालू नका. त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक आणि उद्यान खात्याच्या सूचना निघण्याआधी बघा, कारण वणव्यामुळे किंवा पावसामुळे वाटा बंद केल्या जातात. अ‍ॅलमकडे जाणारी वाट किनारा सोडून उत्तरेकडच्या जंगलात शिरते. ती अरुंद आहे, समोरून गाडी आली की कुणाला तरी मागे यावं लागतं.

तळ्यापाशी एक गोष्ट मनापासून पाळा: कासवांना काहीही खायला घालू नका. देवळाच्या कुंडात माशांना लाह्या टाकायची आपल्याला सवय आहे आणि त्यामागे भाव चांगलाच असतो, पण इथे तो गुन्हा आहे आणि कासवांच्या प्रकृतीलाही वाईट आहे. साबण, शाम्पू, भांडी धुणं पाण्यापासून लांबच ठेवा. अशा तळ्यांत पाण्याची ये-जा फार कमी असते, आपण सोडलेलं तिथेच साचत राहतं.

डिंगोंच्या बाबतीत कायदा कडक आहे. खायला घालणं किंवा खाणं उघडं टाकणं, दोन्हीला जबर दंड बसतो. मुलं हाताच्या अंतरावर ठेवा, डबे गाडीत बंद करा, कचरा परत न्या. चिवडा-लाडू घरून आणले असतील तर ते विमानतळावर उतरतानाच प्रवासी कार्डावर जाहीर करायला हवेत. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतील, लपवलेल्यावर दंड होतो.

महाराष्ट्र मंडळाची मोठी सहल, मांडव किंवा ध्वनिक्षेपकाचा कार्यक्रम मनात असेल, तर वाहन परमिटवर विसंबू नका. संघटित कार्यक्रमाला वेगळी परवानगी लागू शकते. लोकांची संख्या, तारीख आणि कार्यक्रमाचं स्वरूप लिहून उद्यान खात्याला आधी विचारा, आणि त्यांचं उत्तर आल्यावरच बसचे पैसे भरा.