ऑलदोनंतर बट कुठून आला

दहावीच्या इंग्रजीत वाक्य बदलायचा प्रश्न आला की आमच्या परभणी-हिंगोलीकडच्या वह्यांत एक चूक हमखास सापडते, एकाच वाक्यात ऑलदो पण आणि बट पण, 'ऑलदो इट रेन्ड, बट द वेल वॉज ड्राय'. लेकराच्या डोक्यात 'जरी पाऊस पडला तरी विहीर कोरडीच' असतं, मग जरीला ऑलदो लावला तर तरीला पण काहीतरी लावावंच लागतं ना.

त्यात आपल्याकडं उर्दूचं वळण. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य, वरच्या वर्गांचं शिक्षण बहुतेक उर्दूतनं, हैदराबादला 1918 साली निघालेलं विद्यापीठ सुद्धा उर्दू माध्यमाचं, इंग्रजी तिथं विषय म्हणून. आणि उर्दूत अगरचे म्हटलं की पुढं मगर नाहीतर लेकिन येतंच. म्हणजे आजोबाची जोडी वेगळी, नातवाची वेगळी, खोड तीच.

पण खरा घोळ व्याकरणातल्या नावांचा आहे. मराठीच्या तासाला पण-परंतु न्यूनत्वबोधक, म्हणजे आधीच्या वाक्यात काही उणं आहे असं दाखवणारे, आणि जरी-तरी मात्र संकेतबोधकात, म्हणजे अट दाखवणाऱ्यांत, जर-तरच्या मांडीला मांडी लावून. इंग्रजीत बट आणि ऑलदो दोघं विरोधच दाखवतात, फरक इतकाच की बट बरोबरीची दोन वाक्यं जोडतो, ऑलदो एकाला दुय्यम करून टाकतो, आणि दुय्यम केलं तिथंच जोडणी झाली, दुसरा जोडशब्द कशाला. हे एवढं सोपं, पण मराठीचे सर एक कप्पा शिकवतात, इंग्रजीचे सर दुसरा, एकमेकांच्या फळ्याकडं कोणी बघत नाही.

आता येटचं. येट म्हणजे इथं 'तरी', आणि दो म्हणजे ऑलदोच्याच अर्थाचा शब्द. आमच्या वेळी दो-येट जोडीच पाठ करून घ्यायचे. ही काही देशी कलाकारी नाही, 1611 च्या इंग्रजी बायबलमधे 'दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम', म्हणजे त्यानं मला मारलं तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवीन, असं आहे. पुढं रोजच्या इंग्रजीतनं हा येट गळत गेला, पण तपासणारे दोन्हीकडून मारायचे, एकानं येट नाही म्हणून माझा अर्धा मार्क कापला, पुढच्या वर्षी दुसऱ्यानं आहे म्हणून. माझं मत विचाराल तर येटला कापू नये, बटला बिनधास्त कापावं.

बट तर मुळात जोडशब्दच नव्हता, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'बाहेर, सोडून'. 'ऑल बट वन', म्हणजे एक सोडून सगळे, यात तो अर्थ अजून शाबूत आहे. विरोध दाखवायला वापरतात तो व्हाइल पण मुळात म्हणजे नुसता 'वेळ'.

2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, मग प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. 'बट वापरून पुन्हा लिहा' आहे तिथंच आहे, आणि पोरं ऑलदो न खोडता बट घालतात.